पालथ्या बाजूचं तिकीट

टॉरमॉड पाकिटं पालथी करून बघत होता.

एकेक. धक्क्यावरच्या पोस्टाच्या खोलीत, अंगात मेणकापडाचा कोट घालून, उभ्या उभ्या. पाकिटाच्या समोर राणीचं तिकीट, ते पलीकडच्या मुलखातल्या टपालासाठी. पालथ्या बाजूला ब्रेनसे बेटाचं, ते फक्त बोटीसाठी, बेटापासून पलीकडच्या बंदरापर्यंत. बेटाचं तिकीट कुणी समोर चिकटवलं की बंदरावरचं पोस्ट अख्खी पिशवी परत पाठवायचं. म्हणून नावाडी आधी तपासतो. एक जरी चुकीचं निघालं तर पिशवी त्या दिवशी हलत नाही. हा त्याच्या बापाने घातलेला नेम. इशबेलच्याही बापाने, बाप दोघांचा एकच.

पोस्ट सांभाळायला लागल्यापासून इशबेलच्या हातून एकही तिकीट चुकलं नव्हतं.

तिकिटावर: निळं पाणी, इस्त्री केल्यासारखं. त्यावर टॉरमॉडची बोट.

खिडकीत: पाणी पांढरं. धक्क्याची भिंत मधूनच दिसेनाशी होत होती. बोट दोराला हिसके देत होती, दावणीला बुजलेल्या जनावरासारखी.

सकाळी समुद्र खरोखरच तिकिटावरच्यासारखा होता. नव्या तिकिटाचा पहिला दिवस, म्हणून इशबेलने न्याहारीआधीच सगळ्या पाकिटांवर शिक्का मारून टाकला. आणि बापाचा दुसरा नेम असा, की ज्यावर शिक्का पडला ते त्याच दिवशी पाण्यावर जातं. बंदरावर राणीच्या तिकिटावर दुसरा शिक्का पडतो. दोन्ही तारखा जुळल्या पाहिजेत. जुळतात, म्हणून तर दूरदूरची माणसं या चिमूटभर बेटाची तिकिटं घेतात. शाळेचं छप्पर त्यातून आलं होतं. नर्सबाईंचं घरही.

ती सगळी पाकिटं बाकावर बसलेल्या पेंडलबरीसाहेबांची होती. साहेब तिकिटं जमवणारे, चार दिवसांपासून खाणावळीत उतरलेले. चहाचा कप गुडघ्यावर धरून ते अगदी मऊ आवाजात सांगत होते की त्यांची काही सक्ती नाही. उद्या गेली तरी चालतील. फक्त उद्या गेली, तर ती ब्रेनसेची तिकिटं राहणार नाहीत, नुसते रंगीत कागद होतील. आणि ही गोष्ट तिकीट जमवणाऱ्यांच्या मंडळात कुणी विचारली, तर त्यांना खोटं बोलता यायचं नाही.

"पाकिटांत आहे काय?" इशबेलने विचारलं.

"काही नाही. कोरं कार्ड, पाकीट वाकू नये म्हणून." साहेबांनी चहाचा घोट घेतला. "रिकामी असली की छान सपाट राहतात."

टॉरमॉडने शेवटचा गठ्ठा उचलला.

इशबेल त्याच्याजवळ गेली. हळू आवाजात म्हणाली की त्याच्या बायकोला बोलावते. तो म्हणाला, बोलाव, तीही हेच सांगेल. मग ती म्हणाली की इंजीन कालपासून खोकतंय. तो म्हणाला, बाबांच्या बोटीला इंजीनच नव्हतं. ती म्हणाली की बाबा असल्या समुद्रात कधी गेले नसते. ते गेले असते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कोऱ्या कार्डांसाठी जातोयस," ती म्हणाली.

"पोस्टमास्तरीणबाई, शिक्का मारताना हात अडला नाही. आता मला का अडवतेस?"

त्याने शेवटचं पाकीट पालथं केलं. बरोबर होतं. सगळीच बरोबर होती. त्याने ती पिशवीत सरकवली आणि तोंडाच्या दोरीला गाठ मारू लागला. गाठ पहिल्यांदा बसली नाही. त्याने ती सोडून पुन्हा घातली.

इशबेलने टेबलाचा खण ओढला. नवं तिकीट जिभेला लावलं आणि डाव्या तळहातावर चिकटवलं. शिक्का शाईच्या गादीवर टेकवला.

ठप्.

"मलाही टाक पिशवीत," ती म्हणाली. "आजची तारीख पडली आहे. आता न्यायलाच हवं."

पेंडलबरीसाहेब कप सांभाळत अर्धवट उठले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

टॉरमॉड तिच्याकडे बघत राहिला. ती बोटीत चढणार, याची त्याला शंका नव्हती. लहानपणी तो म्हणेल त्या कड्यावरून ती त्याच्याआधी उडी मारायची. बाहेर एक लाट भिंतीवरून आली आणि काचेवर फुटली. खोली क्षणभर काळवंडली.

मग त्याने तिचा हात धरला. पाकीट धरावं तसा, कडेने. पालथा केला. फुगलेल्या शिरा, उकललेली कातडी, नखांत जुनी शाई. तिकीट नव्हतं. त्याने हात पुन्हा उलटवला.

तळहातावर: निळं पाणी. टॉरमॉडची बोट. तिच्याभोवती शिक्क्याचं काळं वर्तुळ.

"तिकीट सुलट्या बाजूला लावलंयस," तो म्हणाला.

त्याने तिचा हात सोडला.

"अशी पिशवी मी नेत नाही."

त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि कोटाचं वरचं बटण काढायला घेतलं.

शाई अजून ओली होती. इशबेलने मूठ मिटली नाही.