हुबळीचा ठिपका

"आला बघा," ऋतुराज म्हणाला.

सयाजीराव चटणीच्या पाकिटांवर शिक्के मारत होते. शिक्का तसाच हातात धरून ते मुलाच्या मागं येऊन उभे राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नकाशा होता, आणि नकाशात हुबळीच्या जागी एक हिरवा ठिपका पेटला होता.

"त्योच?"

"त्योच की. रोज दुपारचा येतोय."

घरच्या कांदा-लसूण चटणीची वेबसाइट ऋतुराजनं गेल्या दिवाळीत काढली होती. कोण बघतंय, कुठल्या गावातनं, कुठल्या पानावर किती रेंगाळतंय, हे सगळं त्याला डॅशबोर्डवर दिसायचं. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं यायची, भाव बघायची, ऑर्डर टाकायची नाहीतर निघून जायची. हुबळीचा हा एकटा भावाकडं ढुंकून बघत नव्हता. यायचा तो थेट कृतीच्या पानावर.

"कृती चोरतोय लेकाचा," सयाजीराव म्हणाले. "उद्या आपलीच चटणी सोताच्या पाकिटात घालून इकंल. इकू दे. म्हणून तर खोबरं कच्चं ठिवलंय."

उंबऱ्यात धोंडुबाई मिरचीची देठं खुडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय कच्चं ठिवलंय?"

ऋतुराज वडिलांकडं बघून हळूच बोलला. "आबांनी परवा कृती बदलाय लावली, आई. खोबरं भाजायचं काढलं. कच्चंच किसून घाला म्हणून लिवलंय."

"कच्च्या खोबऱ्याची चटणी? म्हैन्यात खवट हुईल की!"

"व्हायलाच पायजे," सयाजीराव म्हणाले. "चोराची अद्दल."

धोंडुबाई उठल्या. तिखटाचे हात पदराला न लावता पडद्याजवळ आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ठिपका दिसत होता. काजव्याएवढा.

"कृती बघून झाल्यावर कुठं जातोय त्यो?"

"'आमच्याविषयी' म्हणून पान हाय. तिथं लई येळ थांबतोय."

त्या पानावर एकच फोटो होता. गच्चीभर पसरलेली लाल मिरची, आणि कडेला उन्हाला डोळे बारीक केलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या धोंडुबाई.

"गच्ची बघत असंल," सयाजीराव म्हणाले. "किती माल वाळतोय त्याचा अंदाज घेत असंल."

धोंडुबाईंनी मागं वळून बघितलं. मागच्या दारातून परसातली चूल दिसत होती. घरात मिरची भाजली की लेकीला, अनुजाला, दम लागायचा. म्हणून ती लहान असतानाच सयाजीरावांनी चूल बाहेर काढली होती. पोरीला भाजणीच्या वाऱ्याला कधी उभं केलं नाही. तिला चटणी खाता आली, करता आली नाही. अनुजा आपल्या मनानं लग्न करून कर्नाटकात गेली, त्याला आता दुसरा चैत लागला होता. तिचं नाव घरात निघत नव्हतं. चूल मात्र अजून बाहेरच होती.

"ऋतू, खोबरं भाजा म्हणून लिव," धोंडुबाई म्हणाल्या.

"का?" सयाजीरावांनी विचारलं.

"पानावर नाव कुणाचं हाय? धोंडुबाईंच्या हातची कृती. माझ्या नावावर कुणाचं वरीसभराचं डबं नासाय नकोत."

"चोराचं नासलं तर नासू दे की. तुला का यवढा पुळका?"

"चोर न्हाय त्यो."

"तुला काय म्हाईत?"

"चोर एकदा बघंल, लिवून घील, जाईल. रोज दुपारी कोण येतंय? भांडी झाल्यावर, जरा पाठ टेकायच्या येळंला..."

त्या मधेच थांबल्या. सयाजीरावांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"म्हंजे बाईमाणूस हाय म्हणतीस."

"मी कुठं काय म्हणाले."

ऋतुराजचं बोट माउसवर तसंच राहिलं. तो कुणाकडंच बघत नव्हता.

"हे बघ," सयाजीरावांचा आवाज चढला, "ह्या पेटीतनं घरात कोण डोकावत असंल तर मला चालायचं न्हाय. आज मनात आणलं तर आजच्या आज ही साइट बंद करून टाकीन."

धोंडुबाईंनी ठिपक्याकडं बघितलं. ही साइट गेली की तोही जाणार होता. मग हुबळी म्हणजे नुसतं गावाचं नाव उरणार होतं.

"करा बंद," त्या म्हणाल्या. "पण आधी खोबरं भाजा."

परसातून मिरचीचा वास येत होता. सयाजीरावांनी शिक्का टेबलावर ठेवला, उचलला, परत ठेवला.

"लिव," ते म्हणाले. "खोबरं खमंग भाजून घ्यावं."

ऋतुराजनं लिहिलं.

"आन त्याच्या खाली आजून एक लिव."

"काय?"

सयाजीराव पाठ फिरवून पाकिटांकडं निघाले होते. तिकडंच तोंड करून ते बोलले.

"चूल भाईर मांडा म्हणावं. आत भाजाय बसू नका. धूर सोसायचा न्हाय."

धोंडुबाईंनी तिखटाचा हात तसाच तोंडावर धरला. ऋतुराजनं तेही लिहिलं, साइटवर चढवलं आणि परत नकाशा उघडला. नकाशात ठिपका होता तिथंच होता.

मागून शिक्क्याचा आवाज येईल म्हणून ऋतुराज वाट बघत राहिला. आवाज आला नाही.