घासलेला पैसा

हौसाने मूठ उघडली आणि सखाने पुढे केलेला हात मागे घेतला. तिच्या तळहातावर तांब्याचा पैसा नव्या कळशीसारखा चकाकत होता.

"चिंच नि मीठ लावून घासला," ती कौतुकाने म्हणाली. "एवढा काळा तुमच्या हातात कसा देऊ?"

तिचं चुकलं असं कोण म्हणेल? खाडीकाठच्या घरात पाहुणा यायचा म्हटलं की आधी तांब्यापितळेची भांडी अंगणात येतात. हा पाहुणा तर खास पैशासाठीच येणार होता. मग समई आणि ताम्हणाच्या जोडीने तोही घासला गेला.

सखा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो. दिवसभर देवाच्या डोळ्यांत बघणाऱ्या या माणसाचा जीव अडकलाय जुन्या तांब्याच्या नाण्यांत. शिवराईपासून भोकाच्या पैशापर्यंत सगळी त्याच्या अल्बममध्ये आहेत, एक कप्पा सोडून. तिथे त्याला हवा होता तराजूची खूण असलेला, कंपनी सरकारच्या वेळचा पैसा. मुंबईच्या बाजारात तो मिळाला असता. पण सखाचा हट्ट असा, की तो इथलाच हवा, आपल्या माणसांच्या हातांत झिजलेला. हौसाच्या सुनेने, भाविकाने, फोनवर फोटो पाठवला तेव्हा तो हरखून गेला होता. फोटोतला पैसा काळाकुट्ट होता आणि खळग्यात साचलेल्या त्या काळ्या रेघांतच तराजू दिसत होता.

बदल्यात हौसाला रुपये नको होते. यंदा घरच्या गणपतीचे डोळे सखाने आखायचे, असं ठरलं होतं. गेल्या वर्षीचा गणपती अख्खे पाच दिवस तिच्याकडे न बघता दाराकडे बघत होता, हे तिचं दुखणं होतं.

"वयनी, काळाच पायजे होता," सखाच्या तोंडून निघून गेलं. "आता तराजू दिसत नाय."

हौसाचं तोंड एवढंसं झालं. तिने पैसा पदराने पुसला, पुन्हा पाहिला, आणि मग ते डोळ्यांचं राहू द्या, असं हळूच म्हणाली. सखाला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

ओटीवर बसलेला तिचा नवरा जनू मात्र खो खो हसला. तराजू आम्हाला कधीच दिसला नाही, म्हणाला. त्यांचं मिठागर चालू होतं तेव्हा हंगामातल्या पहिल्या मिठाच्या राशीत हा पैसा पुरायचा आणि रास विकली गेली की उकरून काढायचा, अशी त्याच्या आज्यापासूनची रीत. बाहेर निघाला की घरातल्या प्रत्येकाने तो हातात घ्यायचा, तान्ह्या पोरानेसुद्धा. आता मिठागर नाही, मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टला जातो, आणि पैसा देव्हाऱ्यात नुसता बसून असतो. म्हणून तर द्यायला काढला.

सखाने पैसा कडांना धरून उचलला आणि खिडकीपाशी नेला. मूर्तीची पापणी आखताना धरतो तसा श्वास धरून त्याने तो उजेडात जरा जरा कलता केला. एका बाजूला आडवी दांडी उमटली, तिच्या खाली पारड्याची अर्धी गोलाई. दुसरं पारडं मिठाने कधीच खाऊन टाकलं होतं.

"हाय," तो म्हणाला. "हाय, वयनी. हाच तो."

त्याला इतका आनंद झाला की समोर ठेवलेला चहाचा कप हातात घ्यायचा राहून गेला. त्याने पिशवीतून अल्बम काढला, गुडघ्यावर उघडला आणि रिकाम्या कप्प्यात पैसा अलगद ठेवला. नाण्याला फक्त कडेने धरायचं, छापाला बोट लावायचं नाही, हे तो कारखान्यातल्या पोरांनाही शिकवतो. खिशात त्यासाठी मऊ फडकं असतं.

हौसा वाकून बघत होती. पैसा कप्प्यात किंचित वर राहिलाय, असं तिला वाटलं. सखा काही म्हणायच्या आत तिने आपला अंगठा त्यावर ठेवून चांगला दाबला.

"बसला," ती म्हणाली.

चकचकीत तांब्यावर तिच्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा उमटल्या होत्या. सखाचा हात सवयीने खिशात गेला. फडकं बाहेर आलं. हौसाने ते पाहिलं आणि चिंचेची आठवण येऊन ती पुन्हा कसनुशी झाली.

"खराब केला काय मी परत?"

सखाने चष्मा काढला, फडक्याने त्याच्या काचा पुसल्या आणि फडकं खिशात ठेवून दिलं.

"नाय गो वयनी," तो म्हणाला. "आता तो तिथूनच काळा व्हायला लागंल."

मग त्याने थंड झालेला चहा घेतला आणि यंदा गणपती कुठे बसवणार, तेवढी जागा दाखवायला सांगितली. त्याला डोळे कुठल्या बाजूला वळवायचे ते बघायचं होतं.

हौसा लगबगीने आत गेली आणि गणपतीची जागा नुसती बोटाने दाखवून चुलीसमोर, ती रोज जिथे बसते तिथे, जाऊन बसली.

"हितं," ती म्हणाली.