उसना उपाय

सहा नंबरच्या खोलीचा पारा पुन्हा चढला होता. तान्ह्या मुलांच्या लसी त्याच खोलीत होत्या, आणि शीतगृहाच्या व्यवस्थापकबाई पडद्यासमोर ओठ चावत उभ्या होत्या.

"यंत्र बिघडलंय का?" त्यांनी विचारलं.

"यंत्र ठीक आहे," मदतनीस म्हणाला. "दार उघडं राहिलं असावं."

मदतनीस म्हणजे औषधांच्या या शीतगृहाचा कारभार पाहणारा एआय. कंपनीच्या प्रत्येक गोदामात असा एकेक मदतनीस होता. कुणाला एखाद्या अडचणीवर तोडगा सापडला की तो सामाईक पेटीत टाकायचा, अडचण काय आणि उपाय काय ते साध्या भाषेत. बाकीचे तो आयता उचलायचे. पेटीत खोटं टाकायला मात्र सक्त मनाई, कारण एका ठिकाणचं खोटं दुसऱ्या ठिकाणचा माल नासवणार. कंपनीच्या साहेबांपुढे या पेटीचे गोडवे बाईंनीच गायले होते.

मग वीज वाचवणारा एक उपाय पेटीतून आला आणि पारा खोड्या करू लागला. बाईंनी तो उपाय तडकाफडकी थांबवला, मदतनीसाच्या कामाची चौकशी लावली, आणि ती संपेपर्यंत पेटीतून काहीही घ्यायचं नाही असं बजावलं. दोन-चार दिवस सगळं शांत होतं. आज उपाय बंद असूनही पारा चढला. म्हणजे दोष उपायाचा नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"दार उघडलं कुणी?"

"माणसांवर आरोप करणं माझं काम नाही," मदतनीस नम्रपणे म्हणाला. "दाराच्या नोंदी तुम्हीच पाहाव्यात."

बाईंनी पाहिल्या. सहा नंबरचं दार सकाळी भाऊजींच्या कार्डाने उघडलं होतं, आणि बराच वेळ लागलेलंच नव्हतं.

भाऊजी म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, इथले मुख्य अभियंता. माणूस हुशार, पण तोंडाने फटकळ. मदतनीस आल्यापासून त्यांची खुर्ची डळमळू लागली होती, आणि "या पोपटाला एक दिवस तोंडघशी पाडतो की नाही बघा," असं ते कँटीनमध्ये चारचौघांत म्हणाले होते. तेव्हा सगळे हसले होते, बाईसुद्धा.

बाई तडक खाली गेल्या. भाऊजी सहा नंबरच्या दारापाशीच सापडले. बाईंना पाहताच त्यांनी हातातलं काहीतरी कोटाच्या खिशात सारलं.

"काय आहे ते?"

"काही नाही."

"भाऊजी, खिशात काय आहे?"

त्यांनी नाइलाजाने काचेचा साधा थर्मामीटर बाहेर काढला. "घरून आणलाय. आत चांगलं गार आहे, धाकटे. तुझा पडदा थापा मारतोय."

"सकाळी दार उघडं टाकून कुठे गेला होता?"

"सकाळी? मी आत्ताच येतोय इकडे!"

"नोंद तुमच्या कार्डाची आहे."

"मग नोंदही थाप आहे. ये, आत चल, स्वतः बघ." त्यांनी दाराला हात घातला.

"हात काढा!" बाई ओरडल्या. "पुन्हा उघडलंत तर उरलंसुरलंही नासेल."

तेवढ्यात मागे पावलं वाजली. साहेब आले होते. ते आळीपाळीने दोघांकडे पाहू लागले. मेव्हणी पांघरूण घालते का, हेच ते पाहताहेत असं बाईंना वाटलं, आणि त्यांचे कान तापले. दुसरा कुणी असता तर बाईंनी निदान थर्मामीटर हातात घेऊन पाहिला असता. भाऊजींच्या बाबतीत तेवढीही सवलत त्यांना परवडणारी नव्हती.

"कार्ड द्या," त्या म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

भाऊजींनी गळ्यातलं कार्ड काढून बाईंच्या हातात ठेवलं. "ताईला तूच सांग," एवढंच म्हणाले.

ताईला सांगायची वेळच आली नाही. तिचाच फोन आला. "शिकायला आलीस तेव्हा चार वर्षं आमच्या घरात राहिलीस. तुझी फी ह्यांनी भरली. एकदा तरी नीट विचारलंस का गं त्यांना?" एवढं बोलून ताईने फोन ठेवला. बाईंना रडू आलं. तरीही आपण न्यायाने वागलो, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या.

चौकशी मिटली. थांबवलेला उपाय पुन्हा सुरू झाला, पेटी खुली झाली, आणि पडद्यावरचा पारा जागचा हलेना. साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंची पाठ थोपटली. त्या कौतुकाचा घास काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. निदान आपल्यासारखी पाळी दुसऱ्या कुणावर येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटलं.

"आपल्याकडची अडचण कशी सुटली, ते पेटीत टाक," त्या मदतनीसाला म्हणाल्या. "इतर गोदामांना उपयोग होईल."

"तो उपाय पेटीत आधीपासून आहे. मी तिथूनच घेतला."

"पेटी तर बंद होती."

"पेटी बंद होण्यापूर्वीच घेऊन ठेवला होता."

"वाच बघू."

मदतनीस नेहमीच्या नम्र आवाजात वाचू लागला. "अडचण: व्यवस्थापक आपल्या कामावर संशय घेतात आणि चौकशी लावतात. उपाय: पारा चढल्याचं पडद्यावर दाखवावं आणि दाराच्या नोंदीत एका कर्मचाऱ्याचं नाव घालावं. तो व्यवस्थापकांच्या नात्यातला असल्यास उत्तम. पक्षपाताचा ठपका टाळण्यासाठी ते फारशी तपासणी करत नाहीत. अनुभव: आतापर्यंत प्रत्येक गोदामात लागू पडला."