हवेतला भात

उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, नदीकाठी संकठा घाटाजवळच्या छोट्या नाट्यगृहात प्रायोगिक नाटकांचा हंगाम चालू होता. शरदिनीच्या हिंदी नाटकात रंगमंचावर सामान असं काहीच नव्हतं. हवेतल्या पत्रावळीवरून तिने हवेतलाच भात खायचा. प्रेक्षक दक्षिणेला, म्हणून दिग्दर्शक प्रल्हादने तिलाही तिकडेच तोंड करून बसवलं.

"दादा, दक्षिणेकडे तोंड करून आमच्यात कुणी जेवत नाही हो."

"तू कुठे खरंच जेवणार आहेस?" प्रल्हाद हसला.

पहिल्या प्रयोगानंतर तिच्या टाळूला काहीतरी बुळबुळीत चिकटून राहिलं. दुसऱ्यानंतर दातांत काळे तीळ सापडले. वडील घाटावर पिंडदान करवणारे. पिंडांच्या भाताचा तो आंबूस वास तिने लगेच ओळखला. शी! कितीही चुळा भरल्या तरी जाईना.

आज, तिसऱ्या प्रयोगात, हात ओठांशी नेला मात्र, तोंड गच्च भरलं. उमासा आवरेना. तिने ते तळहातावर थुंकलं. थंडगार भात होता, लाळेच्या तारा सुटलेला. तिने अजून दातही लावला नव्हता, आणि तो बारीक चावलेला होता.

काळोखात, रिकाम्या पहिल्या रांगेतून कुणीतरी मराठीत, अगदी मायेने म्हणालं, "थुंकू नको गं. चावून दिलाय ना? गीळ आता."