टोबीचं हेल्मेट

"हेल्मेट दे इकडे."

"नाही, कोच."

मारिटने टोबीचं हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलं होतं. कोच हॅलोरन तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. सव्वासहा फूट उंची, लालबुंद चेहरा, मानेवर तटतटलेली शीर. पाठीमागे गॅलरीत आठ हजार माणसं बोंबलत होती.

खेळ संपायला दहा मिनिटं उरली होती. कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ चार गुणांनी मागे होता. या हंगामातले दहाच्या दहा सामने त्यांनी जिंकले होते. अकरावा जिंकला की राष्ट्रीय फेरी, तीही चौतीस वर्षांनी. गावातली दुकानं सकाळीच बंद झाली होती. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे लाल टोप्या चढवून आले होते. आणि ज्याच्या फेकीच्या जोरावर हे सगळं घडलं, तो टोबी रीड बाकावर बसून आपल्याच बुटांकडे बघत होता.

मघाशी समोरच्या दोन आडदांड पोरांनी त्याला एकदम लोळवलं. डोकं जमिनीवर आदळलं. तो लगेच उठला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि टोबी चालत चालत दुसऱ्याच संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोकांना वाटलं पोरगा चेष्टा करतोय. मारिटला तसं वाटलं नाही. ती संघाची फिजिओ होती. पंचांना खूण करून तिनं त्याला बाहेर आणलं आणि विचारलं, "टोबी, आज आपण कोणाशी खेळतोय?"

त्याने सप्टेंबरात हरवलेल्या एका संघाचं नाव सांगितलं. मग हळूच म्हणाला, "बरोबर ना?"

तेव्हाच तिनं हेल्मेट काढून घेतलं होतं; त्याशिवाय त्याला मैदानात उतरता येणार नव्हतं.

डोक्याला मार लागला की शेवटचा शब्द फिजिओचा, असा नियम होता. पण नियम कागदावर. मारिटच्या आधी इथे होता त्या फिजिओनंही एकदा कोचना तोच नियम ऐकवला होता. पुढच्या हंगामात त्याच्या जागी मारिट आली. नोकरीला अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्यात यंदा कोचचा पारा भलताच चढलेला. मागच्याच आठवड्यात शिट्टी चोरली म्हणून संघाचं सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. शिट्टी त्यांच्याच गळ्यात होती. पण ते सांगायची कोणाची छाती झाली नाही.

"तो चालतोय, बोलतोय, श्वास घेतोय. आणखी काय हवंय तुला?" कोच गरजले.

"त्याला आजचा दिवस आठवत नाहीये."

"मग? अगं, आम्ही याच मैदानावर खेळायचो. डोकं फुटेस्तोवर आदळायचो. नाकाशी उग्र वासाची बाटली धरायचे, शुद्धीवर आणायचे आणि पुन्हा आत ढकलायचे. काय झालं मला? सांग ना, काय झालं?"

मारिटनं फक्त मान हलवली आणि हेल्मेट आणखी घट्ट धरलं. गॅलरीतून कोणीतरी तिला घरी जायला सांगितलं, मग शंभर जणांनी सांगितलं, मग सगळ्यांनी. टाळ्यांच्या ठेक्यावर.

टोबीच्या जागी दुसरा पोरगा गेला. बिचाऱ्याने जीव तोडून प्रयत्न केला. शेवटच्या मिनिटाला त्याची फेक समोरच्या खेळाडूच्या हातात पडली आणि हंगाम संपला. कोणी ओरडलं नाही. आठ हजार माणसं मुकाट्यानं उठून चालायला लागली, आणि त्या शांततेची मारिटला ओरड्यापेक्षाही जास्त भीती वाटली.

टोबीला रुग्णवाहिकेत चढवताना त्याला उलटी झाली. त्याची आई आत चढली, मागे वळली आणि मारिटला म्हणाली, "वर्षभर एवढ्याच दिवसाची वाट बघत होता गं तो." दार बंद झालं.

चार वाजले. पोरं आंघोळी उरकून एकेक करून गेली. कोणीही तिच्या खोलीत डोकावलं नाही. मारिट तपासणीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून राहिली. तेवढ्यात बाहेरच्या फरशीवर पावलं वाजली. जड, सावकाश. ती पावलं तिला ओळखू आली.

कोच हॅलोरन आत आले. त्यांनी दार लावलं आणि आतून कडी घातली.

मारिट धडपडून उभी राहिली. "कोच, माझं सामान मी उद्याच हलवते. पण आजचं जे झालं ते पुन्हा झालं तरी मी..."

"बस."

ती बसली. कोच मात्र तिच्यासमोर येऊन उभे राहिले नाहीत. ते टेबलापाशी गेले, मार लागलेली पोरं बसतात तसे वर चढून बसले. टोपी काढली. केस घामाने चिकटले होते. ते आपल्या पंजांकडे बघत राहिले. ते पंजे थरथरत होते.

"बायकोला अजून सांगितलेलं नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मारिटला पुढे वाकावं लागलं. "आज सकाळी इथं यायला निघालो आणि रस्ता चुकलो, पोरी. एकवीस वर्षं रोज येतोय मी इथं."