घुमटाखालचा पाढा

उद्याच्या विमानाने पद्माकरराव पुण्याला परतणार होते, आणि महिनाभर खपूनही नातीच्या तोंडून बेचा पाढा काही मराठीत निघाला नव्हता. मुक्ताला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये.

एर्लांगेनहून येणाऱ्या तिच्या बाबाची वाट बघत दोघं जर्मनीतल्या त्या गावच्या जुन्या स्टेशनात बसली होती. दुपारची वेळ. उंच घुमटाखाली दुसरं कुणी नव्हतं. शिकवायच्या जुन्या सवयीने पद्माकररावांनी ओळ अर्धी सोडली.

"बे दुणे...?"

"फिअर!" मुक्ता खिदळली.

"गेनाऊ! बरोब्बर चार. पण आजोबांना मराठीत हवंय. बे त्रिक...?"

"सहा," वरून आवाज आला.

एखाद्या लहान मुलाचा असावा तसा, आनंदी आवाज. मुक्ताचं तोंड तर ब्रेत्सेलच्या खारट पावाने भरलेलं होतं.

"कोण रे ते हुशार?" आजोबांनी हसत वर पाहिलं. घुमटात नुसतं ऊन होतं.

मग वरून पुढचा प्रश्न आला, "बे चोक...?"

या वेळी आवाज खुद्द पद्माकररावांचा होता. तोच लाडिक हेल, तेच शेवटी थांबणं. त्यांनी तर ओठही हलवले नव्हते.

मुक्ता घास गिळून टुणकन उभी राहिली. "आठ!"

पद्माकररावांचे डोळे भरून आले. शाबासकी द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण घुमट आधी बोलला, त्यांच्याच आवाजात.

"शाब्बास, मुक्ता! उद्या तिनाचा पाढा घेऊ हं."

"हो, आजोबा!" मुक्ता म्हणाली. वर बघून.