अडकलेलं पातेलं

टोरंटोत दुरुस्तीच्या नावाखाली बाहेर काढलेला भाडेकरू सहसा परत येत नाही. म्हणून सिंकखालचा पाइप गळायला लागला तेव्हा लिगायाने खाली पातेलं ठेवलं, कपाटाचं दार लावलं आणि गप्प बसली.

रविवारी खालच्या मजल्यावरून घरमालकीण डिओलिंडाबाई धापा टाकत वर आल्या. लिगाया कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"मोठं पातेलं आहे का गं? नातवंडं जेवायला येतायत. कोबीचं सूप करायचंय."

"तुमचं कुठे गेलं?"

बाई घुटमळल्या. "ओट्यावर. छत गळतंय ना, त्याच्याखाली."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलले असते आणि तू घर सोडून गेली असतीस तर? जिन्यावरचा बर्फ मी ह्या गुडघ्यांनी काढू?"

लिगायाने श्वास सोडला आणि कपाट उघडलं. "माझंही पातेलं अडकलंय."

दोघी वाकून काठोकाठ भरलेल्या पातेल्याकडे बघत राहिल्या.

"लाव बाई प्लंबरला फोन," डिओलिंडाबाई म्हणाल्या. "आणि त्याला म्हणावं, येताना एक मोठं पातेलं घेऊन ये."